तीन पट्ट्या खाली

कीबोर्ड घ्यायचा की सॉफ्टवेअरवर भागवायचं, यावरून आमच्या घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती. गाणं घरीच रेकॉर्ड करायचं, एवढं दोघांनाही मान्य होतं. बायकोला कीबोर्ड हवा होता, चांगला लांबलचक, स्टँडसकट. मी सॉफ्टवेअरच्या बाजूने भांडत होतो आणि खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं देत होतो.

खरं कारण तिचा गळा. बायकोने तीस वर्षं गाणं शिकवलं. तिची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, आणि त्याचा तिला कोण अभिमान! बरोबरीच्या बायका वयाप्रमाणे खाली उतरल्या, ही उतरली नाही. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "बोलण्याचा आवाज येईल. वरच्या स्वरांचं मात्र सांगता येत नाही." तिने बहुधा पहिलंच वाक्य ऐकलं.

तीन महिन्यांनी ती पेटी घेऊन बसली. वरच्या सा पर्यंत पोचायच्या आतच आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिने भाता बंद केला आणि पुढच्याच आठवड्यात पेटी एका विद्यार्थिनीला देऊन टाकली. "घरात ठेवून काय तिची पूजा करू?" म्हणाली. त्यानंतर स्वयंपाक करताना गुणगुणणंसुद्धा थांबलं. मी जन्मभर कारखान्यात मशिनी दुरुस्त केल्या, पण या शांततेपुढे मी हात टेकले. शेवटी मीच म्हटलं, लोकांसमोर नको, घरात गा, मी रेकॉर्ड करतो. पेटी मला कामापुरती वाजवता येते. ती कशीबशी तयार झाली.

म्हणून आम्ही नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो. मालकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "घ्यायचाय, की नुसता बघायचाय?"

"बघून घ्यायचाय," बायको म्हणाली.

त्यांनी कीबोर्ड दाखवला आणि एक बटण दाबलं. "गळा साथ देत नसेल तर हे. बोटं ठेवायची तिथेच, आवाज तीन पट्ट्या खाली." समोर लालभडक आकडा उमटला, उणे तीन. रिक्षाच्या मीटरएवढा ठसठशीत.

"ही तर चोरी झाली," बायको म्हणाली. "मला नाही लागत असलं काही."

माझ्या डोक्यात चोरी शिरली ती तिथेच. फक्त तो आकडा तिला दिसता कामा नये. मी लगेच सुरू केलं, हडपसरच्या दोन खोल्यांत हे धूड ठेवणार कुठे, पुसणार कोण. अखेर पंधरा दिवसांनी ती वैतागून हो म्हणाली. आम्ही एक छोटा, स्वतःचा आवाजच नसलेला कीबोर्ड घेऊन आलो. तो लॅपटॉपला जोडायचा, पेटीचा आवाज सॉफ्टवेअरमधून येतो, आणि उणे तीनचा आकडा स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, माझ्या बाजूला, मुंगीएवढा.

पहिल्या दिवशी मी तिच्यादेखत काळी चारवर बोट ठेवलं. तिने बोट नीट पाहून घेतलं. आवाज आला तो तीन पट्ट्या खालच्या पांढरी चारचा. तानपुराही मीच लॅपटॉपवर लावला होता, तोही तेवढाच खाली. ती गायला लागली. वरच्या सा ला पोचली आणि तिथे उभी राहिली, न हलता. मी वायर बघायच्या निमित्ताने खाली वाकलो, कारण माझे डोळे भरून आले होते.

"अहो, आला की हो!" ती म्हणाली.

"आला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घर पुन्हा बोलायला लागलं. ओट्यापाशी गाणं, फोनवर हसणं. वर मलाच शाबासकी, "बरं झालं तुमचं ऐकलं, त्या कीबोर्डचा आवाज कानाला टोचला असता." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, गळा हळूहळू सुधारेल, आपण गुपचूप एकेक पट्टी वर नेऊ, आणि ही चोरी कुणाला कळायच्या आतच मिटेल. महिन्याभराने मी उणे दोन केलं. वरचा सा येता येता तिला ठसका लागला. तिचा चेहरा पेटी बंद केली त्या दिवशीसारखा झाला. "सर्दी असेल," मी म्हणालो आणि घाईघाईने उणे तीन केलं. पुढच्या महिन्यातही तेच झालं. मग मला कळलं की गळा आता इथेच राहणार.

तेवढ्यात तिने रेकॉर्डिंग जुन्या विद्यार्थिनींना पाठवली. त्या अशा हरखल्या की त्यांनी थेट कार्यक्रमच ठरवला. हिने मला न विचारता होकार दिला. "इतक्यात कशाला?" मी म्हटलं.

"का? जळता की काय माझ्यावर?"

त्या आठवड्यात मी तीनदा सांगायला गेलो. एकदा ती रियाजाला बसली होती. एकदा मुलीशी फोनवर बोलत होती, किती दिवसांनी खळखळून हसत होती. तिसऱ्यांदा तिने दोन साड्या पुढे केल्या, "ही नेसू की ती?" मी "ती" म्हणालो आणि बाहेर आलो. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी साथीच्या पेटीवाल्यांचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"ताई, पट्टी कुठली धरू? ऑपरेशन झालंय म्हणून विचारतो. थोडं खालून घ्यायचं का? हल्ली सगळेच घेतात, त्यात काही नाही."

बोल, मी स्वतःला म्हटलं, आत्ता बोल. परका माणूस किती सहज बोलून गेला.

ती हसली. "मी सांगून तुमचा विश्वास नाही बसायचा. रोज हे वाजवतात, यांनाच विचारा." आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. मान थोडी कलती, डोळ्यांत नुसता आनंद.

"काळी चार," मी म्हणालो.