मागची खोली आणि चार नाकं

अर्धी फरशी पुसून झाली होती. उरलेल्या अर्ध्या फरशीवर बादली होती, बादलीच्या काठावर पिळलेलं फडकं होतं आणि शेजारी गुडघे टेकून थोरली बसली होती. तिचं लक्ष मात्र फरशीत नव्हतं. स्टुलावर काचेच्या ग्लासात एक मेणबत्ती जळत होती आणि थोरली तिच्याकडे अशी बघत होती, जशी आई परीक्षेला बसलेल्या पोराकडे बघते. ज्योत जरा वेळ शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. मग नाचली, आणि शेवटी टोकाशी काजळीचं बोंड धरून धूर सोडायला लागली.

"मेली परत फुलली!" थोरली म्हणाली, आणि फडकं बादलीत टाकून कात्री शोधायला उठली.

"सूनबाई, मी पाय कुठे ठेवू?" सासूबाई दारातच अडकल्या होत्या. "इकडे ओलं, तिकडे मळकं."

"आई, जरा थांबा ना. वितळलेलं मेण काचेच्या कडेला टेकतंय का, तेवढं बघते."

"बघ, बघ. मी पडले तर मोडका पाय तुझ्या ज्योतीच्या उजेडात बसवून घेऊ."

थोरली म्हणजे या घरची मोठी सून. लग्न होऊन आली त्या दिवशी सगळ्यांनी तिला थोरली म्हटलं आणि मग तिचं खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान. लोकांना कमी दिसतं हे त्याला लांबून कळे. घरातलं मात्र तो चष्मा कपाळावर चढवून बघे. धाकटा दीर बसच्या डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळायचा आणि स्वतः घरी वेळेवर कधी यायचा नाही. सासूबाई सगळ्यांवर लक्ष ठेवायच्या, आणि हे काम त्यांनी एकही सुट्टी न घेता केलं होतं.

मेणाचं हे खूळ सुरू झालं ते एका भेटवस्तूपासून. कुणीतरी थोरलीला सुवासिक मेणबत्ती दिली. पेटवली तर ती मधोमध विहीर खणत खाली गेली, वात बुडून मेली आणि कडेचं मेण जसंच्या तसं राहिलं. दुसरी कुणी असती तर फेकून मोकळी झाली असती. पण साबणाच्या उरलेल्या चकत्या नव्या वडीला चिकटवून संपवणारी ही बाई! तिने ते मेण वितळवलं, नवी वात घातली, आणि ती मेणबत्ती बऱ्यापैकी जळली. बस्स. देव माणसाला मोह कशा रूपात पाठवेल, सांगता येत नाही. कुणाला सोन्याच्या रूपात पाठवतो, थोरलीला मेणाच्या रूपात पाठवला.

मागची खोली तोवर मोडक्या खुर्च्यांचं वसतिगृह होती. थोरलीने ती झाडली, धुतली, टेबल मांडलं आणि आतून कडी लावून पाहिली. कडी बसली. तिथेच ती मिनिटभर उभी राहिली. लग्न झाल्यापासून कडी लावून एकटीने बसायला तिला न्हाणीघराखेरीज दुसरी जागा मिळाली नव्हती, आणि न्हाणीघराबाहेरही कुणी ना कुणी "झालं का?" म्हणून उभं असायचंच. मेणबत्त्या विकल्या जातील की नाही, हे देवाला ठाऊक. पण ही कडी आता सुटू द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

नेमका त्याच सुमारास धाकट्या दिराला तब्येत कमवायची आठवण झाली. त्याने व्यायामाची सायकल आणली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आणि घोडंही असं, की जागचं हलेना. घरातल्या बोळात उभं केल्यावर त्यावर पहिल्या आठवड्यात भाऊजी बसले, पुढच्या आठवड्यापासून त्यांचे शर्ट वाळू लागले.

"बोळात हवा नाही वहिनी, म्हणून होत नाही व्यायाम," तो म्हणाला. "मागच्या खोलीला खिडकी आहे."

"शर्टांना हवा लागते हो, खरं आहे," थोरली म्हणाली.

भांडण चष्मेवाल्यापुढे गेलं. त्याने चष्मा पुसला आणि निवाडा दिला. बाजारातल्या भेटवस्तूंच्या दुकानातल्या बाईंना नमुना दाखवायचा. त्यांनी माल ठेवायला होकार दिला तर खोली थोरलीची. नाही म्हणाल्या तर सायकल आत. दोघांनाही आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं, म्हणजे बहुधा न्यायच झाला असावा.

मग सुरू झाल्या चाचण्या. थोरलीने पॅराफिन आणलं; ते स्वस्त आणि गुणी, पण काचेवर काळं धरायचं. मधमाशांचं मेण आणलं; त्याचा स्वतःचाच वास इतका मानी, की दुसऱ्या कुठल्या वासाला शेजारी बसू देईना. शेवटी सोयाचं मेण आणलं. ते मऊ, शांत, वर जरा पांढरट साय धरणारं, पण सांगितलेलं ऐकणारं. घरातलं पहिलंच. वात बारीक घातली की ज्योत बुडते आणि मध्ये खड्डा पडतो. जाड घातली की ज्योत माजते आणि धूर होतो. योग्य वात ती, जिच्याभोवती मेण हळूहळू वितळत काचेच्या कडेपर्यंत पोचतं आणि पुढे काही तमाशा करत नाही. अशी वात थोरलीला सापडली. बारीकच, पण अगदी बारीक नव्हे. मेणात सुगंधी तेलही बेताचंच घातलं होतं. मेणबत्ती तळापर्यंत स्वच्छ जळली. गोष्ट खरं म्हणजे इथेच संपायची.

पण घरात समिती होती.

रोज रात्रीच्या जेवणानंतर पुढच्या खोलीत समिती बसे. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. चष्मेवाला नाकावरचा चष्मा काढून वास घ्यायचा. काचा आड येतात अशी त्याची समजूत असावी.

"हं... नाही गं. लागत नाही काही."

सासूबाई डोळे मिटून लांब श्वास घ्यायच्या. "पूर्वीसारखा नाही वास."

"पूर्वी कधी होता आई? ही आजच केलीय."

"तेच म्हणते मी."

थोरली स्वतःही वाकून हुंगायची. दिवसभर त्याच वासात उठणं, त्याच वासात झोपणं. तिलाही काही कळेना. मग उद्याला तेल थोडं जास्त. परवा आणखी थोडं. तेल वाढलं तशी वात गुदमरायला लागली, म्हणून वात जाड केली. जाड वात धुरायला लागली, म्हणून ती रोज कात्रीने छाटायची. नाकापेक्षा मोती जड झाला, पण समितीचं मत एकच: "लागत नाही."

एकटा धाकटा दीर विरोधी पक्षात. तो डेपोतून उशिरा यायचा, दार उघडायचा आणि उंबऱ्यातच रुमाल नाकाला लावायचा.

"वहिनी, डोकं उठलं माझं! कोपऱ्यापर्यंत वास येतोय."

"भाऊजी, खोली हवीय म्हणून सरळ सांगा की. नाकाला कशाला त्रास?"

सगळे हसायचे. चष्मेवाल्याने तर नियमच केला होता: ज्याचा यात स्वार्थ, त्याचं मत धरायचं नाही. स्वार्थ नसलेली मतं मग उरली ती सासूबाईंची आणि त्याची स्वतःची.

शेवटी समितीने एके रात्री मान डोलावली. "आता जरा जरा लागतोय." थोरलीने त्याच मेणाचे तीन ग्लास भरले, कागदात गुंडाळले आणि दुकानवाल्या बाईंना नेऊन दिले. त्याच दिवशी धाकट्या बहिणीचा निरोप आला: पाय मुरगळलाय, ये. थोरली गेली. तिथे काही दिवस तिने बहिणीचा स्वयंपाक केला, पाय शेकला, आणि बहिणीच्या घराला ओल्या कपड्यांखेरीज कसलाच वास नव्हता.

परतली ती संध्याकाळी. आपल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थबकली. कुणाच्या घरात बाटली फुटली की काय? दुसऱ्या पायरीला घशात खवखवलं. दार उघडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत खिडक्या बंद, स्टुलावर समितीने तिच्यामागे पेटवलेली एक मेणबत्ती धुरत होती, कपाटात ठेवलेल्या न पेटवलेल्या मेणबत्त्याही दरवळत होत्या, आणि सासूबाई व चष्मेवाला त्या धुरकट गोडव्यात मासे पाण्यात बसावेत तसे निवांत बसले होते.

"अहो, कसला वास येतोय हा?"

"वास?" चष्मेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठे काय?"

"ओल असेल," सासूबाई म्हणाल्या. "पूर्वीसारखं ऊन नाही पडत आता."

थोरली दारातच उभी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतका सुवासिक असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. मेण बरोबर होतं. पहिली वात बरोबर होती. पहिलं तेलही बरोबर होतं. वासात राहून राहून या घराची नाकं मेली होती, आणि त्या मेलेल्या नाकांना विचारून विचारून तिने तेल ओतलं होतं. मग तिला ते तीन ग्लास आठवले. पिशवी तिथेच टाकून ती उलट्या पावली जिना उतरली.

दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि पंखा रस्त्याकडे तोंड करून लावला होता.

"या, या," दुकानवाल्या बाई ओढणीने डोळे पुसत म्हणाल्या. "तुमची आठवण काढूनच रडत होते."

"पेटवल्या का हो?"

"पहिली पेटवली तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, बाई, अत्तर सांडलं का? दुसरी पेटवली तेव्हा म्हणायला गिऱ्हाईकच उरलं नाही. तिसरीने काच अशी काळी केली, की आता ती काळा ग्लास म्हणूनच विकावी लागेल. नाही हो, मला नाही ठेवता येणार."

थोरलीने वाद घातला नाही. ग्लास उचलले आणि विचारलं, "आधी एक जमली होती. वास अगदी बेताचा, वात बारीक. ती आणली तर बघाल?"

"जवळ गेल्यावर वास आला पाहिजे. रस्ता ओलांडून भेटीला यायला नको," बाई म्हणाल्या. "आणा एक. पेटवून बघेन. वचन मात्र देत नाही."

घरी जाताना थोरलीच्या मनात पाप आलं, नाही असं नाही. "बाई अजून बघतायत" एवढंच सांगितलं असतं तर ते खोटंही नव्हतं. कडी आणखी महिनाभर तिचीच राहिली असती. पण देव काही फक्त समोरच्या खोलीत बसत नाही. तो मागच्या खोलीतही असतो, कडी लावलेली असली तरी.

घरात शिरताना तिने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. धाकटा दीर आलाच होता. हातात टेप घेऊन तो मागच्या खोलीच्या दारात वाकला होता.

"काय म्हणाल्या दुकानवाल्या?"

"नाही म्हणाल्या. आणखी एक नमुना बघतील, पण निवाड्यातला नमुना नापास. खोली तुमची."

दिराच्या हातातली टेप सटकन आत गेली. एवढ्या सरळ जिंकायची त्याला सवय नव्हती.

"आणि भाऊजी," थोरली म्हणाली, "तुम्ही रोज खरं बोलत होतात. आम्ही हसलो. बाहेरून येणारं नाक एकच होतं, ते तुमचं."

"मी? खरं?" दीर गोंधळला. "अहो वहिनी, मी तर खोलीसाठी बोलत होतो!"

"म्हणजे वास येत नव्हता?"

"यायचा की. पण जिन्यापर्यंतच. कोपरा मी पदरचा घातला. आणि डोकं म्हणाल तर... थोडंसंच उठायचं."

खोटं बोलायला निघालेला माणूस नकळत खऱ्यावर जाऊन आदळला होता, आणि खरं सांगायला बसलेल्यांनी एकमताने खोटं ठरवलं होतं.

"मी म्हणतच होतो," चष्मेवाला खाकरला.

"काय म्हणत होतात?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला पहिल्यापासून वास येत होता," सासूबाई म्हणाल्या. "पण या घरात माझं ऐकतंय कोण?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग दिराकडे वळली. "भाऊजी, एक विचारू? सायकल खिडकीशी लावा. टेबल या भिंतीला राहू दे. त्याच्या बदल्यात रोज डेपोतून आलात की उंबऱ्यातच थांबायचं, वास कसा आहे ते सांगायचं, मग चपला काढायच्या. पदरचं काही घालायचं नाही."

"आणि घातलं तर?"

"सायकल बोळात. शर्टांसकट."

दीर डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याने टेप पुन्हा ओढली, टेबलापासून खिडकीपर्यंत धरली आणि म्हणाला, "टेबल वीतभर सरकवा. पेडल लागेल."

"सरकवते. पण तुम्ही डेपोत असाल तोवर कडी माझी."

"दिवसभर मी इथे असतोच कुठे?" दीर म्हणाला. त्याला वाटलं आपणच जिंकलो. थोरलीने त्याला तसंच वाटू दिलं.

सकाळी सायकल आत गेली. पहिल्या फेरीला ती अशी करकरली, की सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. दीर घाम पुसत कामावर गेला. समिती बरखास्त झाल्याचं थोरलीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं; चष्मेवाल्याने निदान एका सन्माननीय सभासदाची जागा मागितली, ती मिळाली नाही. जाड वातींची जुडी तिने कागदात बांधली. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जाड वाती बदलून बारीक आणायला ती बाजारात गेली.