उजवीकडची सीट

नसत्या चौकशा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. जर्मनीत एश्बॉर्नला राहायला आल्यापासून शेजारच्या आजोबांच्या बंद गॅरेजात काय आहे, हे मला कळायलाच हवं होतं. एकदा त्यांनी दार उघडलं आणि मी केराची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. आत जुनी अमेरिकन कूपे गाडी होती. दोनच दारं, लांबलचक नाक, आकाशी रंग, पांढरं छप्पर.

अशा गाड्यांना इकडे ओल्डटायमर म्हणतात. आजोबांनी ती संग्राहकांसाठी विकायला काढली होती. रंग मूळचा, सीटचं कापडसुद्धा मूळचं.

"इतकी जपलीत, मग विकता का?" मी विचारलंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती. "ही जायच्या आधी एकदा हिच्यातून फिरायचंय," ते म्हणाले, "पण चावी दुसऱ्याच्या हातात देणं मला जमत नाही."

"आणि आजींना आवडायची ना?" त्यांची बायको आम्ही इथे येण्याआधीच वारली होती.

"नाही. शेजारी बसायची, पण तोंड कायम खिडकीकडे. मी काही दाखवलं तरी वळायची नाही."

अशी देखणी गाडी कोणाला का आवडू नये? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

हॅम्बर्गचा एक संग्राहक शनिवारी गाडी न्यायला येणार होता. त्याच आठवड्यात दसरा होता आणि सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. दसऱ्याच्या संध्याकाळी आजोबा गाडी पुसत होते, ते सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं.

"अगं, दसऱ्याला गाडी पुसतायत, म्हणजे नवी घेतली असणार. आणि पूजा करायला घरात कोणी नाही?"

"अहो आई, ती तर विकायची..." म्हणेपर्यंत त्या पूजेचं ताट घेऊन जिन्यात पोचल्यासुद्धा.

कुंकवाचं बोट पुढे आलेलं बघून आजोबा बॉनेटवर जवळजवळ आडवेच पडले. "नाही, नाही! रंगावर नको!" मग समोरच्या काचेवर तडजोड झाली. सासूबाईंनी आमच्या बाल्कनीतली झेंडूची फुलं वाहिली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, हात जोडले आणि मला म्हणाल्या, "आता त्यांना सांग, गाडी पुढे घ्या. लिंबं चिरडायला हवीत."

मी ओशाळून आजोबांना सगळं समजावलं. हे नव्या गाडीला करतात, आईंचा गैरसमज झालाय, लिंबं मी काढून टाकते.

"म्हणजे, पूजा झाली की गाडी चालवावीच लागते?" त्यांनी विचारलं.

"हो. जागेवरून हलायला हवी."

ते लिंबांकडे बघत राहिले. मग खिशातून चावी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. इकडे स्टीअरिंग डावीकडे असतं; मी तिथे बसले.

"दारं दोनच का ठेवलीत मेल्यांनी?" असं म्हणत सासूबाई मागे शिरल्या. आजोबा वळसा घालून उजवीकडे, माझ्या शेजारी बसले. लिंबं फुटली.

पहिली पाच मिनिटं त्यांनी माझ्या ब्रेकवर टीका केली. मग आम्ही शेतांच्या रस्त्याला लागलो, बाहेर अंधारून आलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. रडतायत की काय, म्हणून मला भीती वाटली.

"तुम्ही दिसताय," ते म्हणाले.

"कुठे?"

"या काचेत. चालवणाऱ्याचा अख्खा चेहरा दिसतो." थोड्या वेळाने म्हणाले, "मी या बाजूला कधी बसलोच नव्हतो. इथे ती बसायची."

मागून सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणाले गं?" घरी पोचेपर्यंत मला ते मराठीत सांगता आलं नाही.

शनिवारी दुपारी संग्राहक ट्रेलर घेऊन आला. आजोबांनी एकच अट घातली. गाडी एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनपर्यंत चालवत न्यायची, ट्रेलरवर तिथे चढवायची, आणि तोवर आपण शेजारी बसणार. संग्राहकाने खांदे उडवले आणि चावी घेतली.

गाडी आमच्या खिडकीखालून गेली. काचेवरचं कुंकू तसंच होतं. आजोबा उजवीकडे बसले होते, तोंड खिडकीकडे. लख्ख ऊन पडलं होतं, काचेत काही दिसत नसणार. तरी ते बघत होते.