कुंड्या चालतात ती फिल्म

माझा राग लवकर जात नाही, मुरतो. समोरच्या फ्लॅटमधल्या सेक्रेटरींना हे ठाऊक असतं, तर त्यांनी आमच्या वाटेत कुंड्या मांडल्याच नसत्या.

कसब्यातल्या आमच्या बिल्डिंगचा पॅसेज मुळातच अरुंद. बाबा व्हीलचेअरवर आल्यापासून सकाळी लिफ्टने खाली जायचं आणि फाटकाशी पेपर वाचत बसायचं, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. सेक्रेटरींच्या कुंड्या मात्र हळूहळू पुढे सरकत होत्या. एकदा चेअर अडकली आणि बाबांचं कोपर चांगलं सोलवटलं. मी बोलायला गेले, तर म्हणाले, कुंड्या पहिल्यापासून तिथंच आहेत, तुमची चेअर रुंद असेल. सगळ्यात पुढच्या कुंडीत लबाडाने तुळस लावलेली. तुळशीला बाजूला कोण सारणार? मीसुद्धा येता-जाता नमस्कारच करत होते!

म्हटलं, थांब, दाखवतेच तुला. बुधवार पेठेतून एक जुना ट्रायपॉड आणला, दारात त्याच्या पायांच्या खुणा खडूने करून ठेवल्या आणि रोज सकाळी सात वाजता एक फोटो काढायला लागले. जागा किती उरली ते दिसावं म्हणून बाबांना चेअरसकट मधोमध बसवायचे. हलू नका म्हणून दटावायचे. ते बिचारे पुतळ्यासारखे बसायचे.

दिवाळीपासून श्रावणापर्यंत एक दिवस चुकवला नाही. मग लॅपटॉपवर अ‍ॅनिमेशनचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावर पुढचा नेमका बसवायचा. मी भिंतीवरच्या मीटरच्या डब्यावर डबा जुळवत गेले. डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडलं नाही. कुंड्या पहिल्यांदा चालायला लागल्या, तेव्हा एकटीच खदखदून हसले.

वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली. आयत्या वेळच्या विषयांत मी पडदा टांगून फिल्म लावली. जेमतेम अर्ध्या मिनिटाची. तुळस पुढे, मागून जास्वंद, कोरफड, अशी वरात ठुमकत बाबांच्या चाकापर्यंत आली. सभा हसून हसून लोळली. सेक्रेटरींचे कान लाल झाले. अहाहा! इतके महिने याचीच वाट बघत होते मी.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मी हौसेनं लावली. या वेळी ते पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, चष्मा पुसून शेवटपर्यंत बघितली.

"कुंड्या उद्या हलवतो," ते म्हणाले. "पण ताई, रोज फोटो काढत होतात ना? बाबा केवढे उतरलेत, ते नाही दिसलं तुम्हाला?"

कुणी हसलं नाही. शेवटचा फोटो पडद्यावर तसाच होता. पहिल्या फोटोत पोटावर ताणून बसलेला शर्ट यात खांद्यांवरून नुसता लोंबत होता. मला त्या माणसाचा असा संताप आला! तो खरं बोलत होता म्हणून तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेज मोकळा होता. त्यातूनच बाबांना डॉक्टरांकडे घेऊन निघाले. फाटकाशी सेक्रेटरी उभेच होते. रिक्षा त्यांनीच थांबवली, बाबांना उचलून आतही त्यांनीच बसवलं. किती हलके झालेत, एवढंच म्हणाले. मी आभार मानले नाहीत.