पंधरा थरांखालचा नंबर

माझे बाबा, दौलतराव, साठी उलटल्यावर पहिल्यांदा नापास झाले. म्हणजे ते नाही, त्यांची जीप झाली. पण वाशीमहून घरी आले तेव्हा तोंड असं उतरलेलं होतं की आईला वाटलं, नात्यातलं कोणीतरी गेलं.

मार्चमधली गोष्ट. जीपला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे पुढची पाच वर्षं चालवायची तर पासिंग करून घेणं भाग होतं. बाबांनी आदल्या दिवशी जीप धुतली, काचा पुसल्या, स्टेपनीसुद्धा पुसली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गावाहून, रिठदहून, निघाले. वाशीमच्या आरटीओतल्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला. सगळं ठीक. मग पुढच्या चाकापाशी वाकून त्यांनी चेसिसवर हात फिरवला आणि विचारलं, "काका, नंबर कुठं आहे?"

चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. त्यावर कारखान्यातून नंबर ठोकलेला असतो. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की त्याचा ठसा उमटतो आणि तो गाडीच्या आरसी पुस्तकातल्या नंबराशी जुळला तरच गाडी पास होते. बाबांच्या जीपवर नंबर होता. त्याच्यावर निळ्या ऑइलपेंटचे पंधरा थरही होते. साहेबांनी पेन्सिल घासली, तर कागद नुसता काळा झाला.

"नंबर उघडा करून आणा," साहेब म्हणाले. "आणि सांगाडाही तपासून घ्या. रंगाला खाली फुगे आलेत."

बाबांनी घरी येऊन फक्त पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं मला कागदावरच्या शेऱ्यात वाचायला मिळालं. मी कारंज्याला गणित शिकवते. शनिवारी घरी आले की घरातले कागद वाचायची मला खोड आहे.

हे पंधरा थर कसे चढले, ते सांगायला हवं. दोन हजार दहा साली चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी गावातल्या एकानं ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलं होतं. सकाळी निरोप आला, टायर पंक्चर आहे. दुपारी तोच ट्रॅक्टर रिसोडच्या रस्त्यानं धडधडत जाताना सगळ्या वस्तीनं पाहिला. बाबासाहेबांचा फोटो फुलं लावून तयार होता. बाबा तेव्हा वीज खात्यात लाईनमन. त्यांनी फोटो उचलला आणि सबंध गावातून दोन्ही हातांवर धरून नेला, कोणालाही हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी पीएफमधले पैसे काढून त्यांनी नवी कोरी जीप आणली आणि कायदेशीर कागद करून तिचा रंग पांढऱ्याचा निळा करून घेतला.

तसे ते आधीपासूनच कोणाकडे काही न मागणारे. आमच्या घरात शेजारची साखर कधी आली नाही. साखर संपली की गुळाचा चहा, गूळ संपला की चहाच नाही. जीप आली आणि या स्वभावाला चार चाकं फुटली. दर वर्षी जयंतीच्या आधी ती रिसोडच्या रऊफ पेंटरकडे जायची. रऊफचाचा वरून रंग मारून थांबले असते, पण बाबा म्हणायचे, "वरून तं कोनीबी रंगवते, रऊफभाई. खालूनबी मार." आणि रऊफचाचा जमिनीवर आडवे होऊन खालूनही मारायचे. साहेबांना न सापडलेला नंबर बाबांच्या या प्रामाणिकपणाखाली गाडला गेला होता.

आता माझं. मी जानेवारीतच स्वतःसाठी एक लहान पांढरी गाडी घेतली होती. त्या शनिवारी मी म्हटलं, "बाबा, झालं ना आता? जीप काढून टाका. माझी गाडी इथंच ठेवते, तुमी वापरा. मी एसटीनं जाईन."

"नंबर घासला का झालं. दुरुस्त होते ते."

"अन् खालचे फुगे?"

"मले कोनाच्या गाडीची गरज नाई," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

कोणाच्या! मी त्यांची एकुलती एक लेक. इतका राग आला की मी चहाचा कप आपटला आणि त्याचा कान तुटला. आई, म्हणजे वच्छलाबाई, तुटका कान उचलत म्हणाली, "दोघंबी एकाच मातीचे. त्याईले काय बोलतं?" मला खरी भीती वेगळी होती. त्या जीपच्या मागच्या भागात मिरवणुकीत वस्तीतली वीस-पंचवीस पोरं कोंबलेली असतात. पण रागावलेल्या माणसाला भीती नीट सांगता येत नाही आणि मी तर रागावण्यात पहिल्या नंबरची.

पुढच्या रविवारी आम्ही रिसोडला गेलो. बाबा जीपमध्ये पुढे, आई आणि मी माझ्या गाडीत मागे. आई म्हणाली होती, "मी येतो. पंधरा सालं हिच्यात बसली मी."

रऊफचाचांची नखं बारा महिने कोणत्या ना कोणत्या रंगाची असतात. त्या दिवशी हिरवी होती. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! नंबर तं मीच बुजवला, दौलतभाऊ. गलती माही."

"मीच सांगतलं होतं खालून मार म्हनून," बाबा म्हणाले. "अर्धी माही."

चाचांनी पोतं अंथरलं, रंग सोडवायचं औषध लावलं आणि पत्तीनं खरवडायला बसले. रंगाच्या जाड खपल्या निघायला लागल्या. एक खपली आईनं तळहातावर घेऊन उन्हात धरली. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसत होते. चाचा रंग दर वर्षी हातानं कालवतात, त्यामुळे एकही निळा दुसऱ्यासारखा नव्हता. आईनं नखानं दाखवायला सुरुवात केली.

"हा खरबडीत हाये ना, हा लॉकडाऊनचा. दुकानं बंद होते. खिडक्याईचा उरलेला रंग तुह्या बाबानं बुरशानं मारला होता. मिरवनूक नव्हती, तं अंगनातच जीपीवर फोटो ठेवून आमी दोघंच उभे राह्यलो."

मी तेव्हा कारंज्यात अडकले होते. हे मला माहीत नव्हतं.

"अन् हा चमकते तो?"

"तो तू नोकरीले लागली त्या सालचा. रऊफभाई म्हने चमकी चांगली नाई दिसत. तरी तुह्या बाबानं टाकाले लावली. म्हने, पोट्टी मास्तरीन झाली, गावाले दिसलं पाह्यजे."

मी बाबांकडे पाहिलं. ते चाकाकडे बघत होते. मला नोकरी लागली तेव्हा ते मला फक्त "बरं झालं" म्हणाले होते, आणि त्या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं मनात रुसून होते. आणि इथं ते कौतुक जीपवर मारून गावभर फिरवलेलं होतं. माझे डोळे भरून आले. औषधाचा वास झोंबतोय असं सांगून मी बाजूला झाले.

तासाभरात नंबर वर आला. रंगाखाली राहिल्यामुळे एकेक अक्षर लख्ख होतं. बाबांनी खिशातून कागद-पेन्सिल काढली, स्वतः आडवे होऊन ठसा घेतला आणि पुस्तकाशी ताडून पाहिला. लहान मुलासारखे हसले. "पाय, स्नेहा! झालं का नाई दुरुस्त?"

मी काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "ठहरा, भाऊ. फुगे पाहू द्या."

नंबराच्या दीड हात मागं त्यांनी रंगाचा एक फुगा फोडला. आतून तांबडं पाणी आलं. चाचांनी स्क्रू पिळायचा पेचकस टेकवला आणि हलकासा दाबला. ज्वारीच्या पापडासारखा आवाज झाला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथंही तेच.

"रंगाच्या खाली एक डाव पानी गेलं का भाईर नाई येत," ते हळूच म्हणाले. "आपुन दर साली वरून बंद करत गेलो."

माझ्या जिभेवर 'मी म्हटलंच होतं' आलं होतं. ते गिळलं. आयुष्यात इतकं कडू काही गिळलं नव्हतं.

बाबांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "होते का दुरुस्त?"

"होते ना. न व्हाले काय झालं? वाशीमले माह्या वळखीचा वेल्डर हाये. तो दोन्हीकून लोखंडी पट्ट्या मारून देईन. वरून मी रंग मारला तं कोनाले दिसनारबी नाई."

बाबा हो म्हणणार, हे मला दिसत होतं. जयंती तीन आठवड्यांवर होती. ते उठले, जीपच्या मागं गेले, फळकूट उघडलं आणि पोरं बसतात त्या बाकड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"रऊफभाई, मांगच्या साली तुही नात फरहा बसली होती ना हितं? पोट्ट्याईसंग?"

"बसली होती. घरी याले तयार नव्हती."

"तू म्हनतं तशा पट्ट्या मारून आनली, तं औंदा बसवशीन तिले?"

चाचांनी चिंधीनं हात पुसले. बोटं पुसून झाली तरी पुसत राहिले. गिऱ्हाईक, दोस्ती, पंधरा वर्षांचा रंग, सगळं त्यांच्यापुढं उभं होतं. पण ते खोटं बोलले नाहीत.

"नाई, भाऊ."

"मंग जीपच बदलू," बाबा म्हणाले आणि फळकूट लावून घेतलं.

जीप तिथंच ठेवली. तिचे कागद रद्द करायचे आणि ती भंगारात द्यायची, असं ठरलं. निघताना बाबांनी किल्ली काढून चाचांच्या हातात दिली आणि बॉनेटवर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. आईनं खपली रुमालात बांधून घेतली होती.

परतताना बाबा माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसले, आईशेजारी. दुसरं कोणी चालवत असताना पुढं बाजूला बसून रस्ता बघणं त्यांना जमत नाही. रिठद जवळ आलं तशी त्यांनी घसा साफ केला.

"दिवाईपर्यंत पाहीन मी एखांदी गाडी. पेन्शनीत बसन अशी. माही स्वताची."

"पाहू ना. मी पन येईन पाहाले."

"हं. पन जयंती तं येऊन राह्यली." ते थांबले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. खांबावर चढताना कधी न घाबरलेला माणूस सीटची कड घट्ट धरून बसला होता. "स्नेहा, चौदा तारखेले तुही गाडी देशीन काय?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. सवयीनं म्हणून गेले, "मांगता कायले, बाबा? तुमचीच तं आहे."

"तसं नको म्हनू," ते म्हणाले. "तुही हाये. तुह्या पगाराची हाये. तू नाई म्हनू शकतं, म्हनून इचारून राह्यलो."

आई खिडकीबाहेर बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. ज्या माणसानं साखर मागितली नाही, तो माझ्याकडे मागत होता. आणि मागताना माझं ते माझं म्हणून मानत होता. 'कोनाच्या' या शब्दाचा काटा इतके दिवस रुतून बसला होता, तो निघाला. पण मीही त्यांचीच लेक.

"एका अटीवर देते," मी म्हटलं. "रंग नाई मारायचा."

बाबा विचारात पडले. "अन् चालवन कोन?"

"माझी गाडी आहे. मीच चालवीन."

"बरं," बाबा म्हणाले. यावेळी तो शब्द मला पुरला.

चौदा तारखेला सकाळी रऊफचाचा फरहाला घेऊन रिसोडच्या पहिल्या एसटीनं आले. सोबत निळ्या रिबिनींचं अख्खं बंडल. त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं, आतला नंबर शोधून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "लिहून ठेवा भाऊ. हिले मी हात नाई लावत." मग रिबिनी बांधल्या. फोटो टपावर पक्का बसवला, फुलं लावली. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर फरहा, शेजारी दोन पोरं. बाकीच्या पोरांना चालत यायला सांगितलं, तर तीच जास्त खूश झाली, कारण नाचायला जागा मिळाली. ढोल सुरू झाला. मी गाडी चालू केली.

बाबा नव्या पांढऱ्या शर्टात गाडीसमोर उभे होते. दर वर्षी त्यांचा हात आपोआप उजव्या दाराकडे जायचा. आताही ते दोन पावलं तिकडे आले, मला पाहून थांबले आणि वळसा घालून डाव्या बाजूला आले. दार उघडलं, पण आत पाय टाकला नाही. वाकून माझ्याकडे बघितलं.

"बसू काय?"

"बसा, बाबा," मी म्हटलं. "पट्टा लावा."