बोलण्याआधीचा श्वास

रेडिओ केंद्रात तिला सगळे कातरबाई म्हणत. काम तसंच होतं. वक्त्यांची भाषणं रिळावर यायची. त्यांतले खोकले, अडखळणं, श्वास ब्लेडने कापायचे आणि उरलेली फीत जोडून द्यायची. कापलेले तुकडे टाकून द्यायला मात्र तिचा हात धजत नसे. डब्यात भरून ती ते घरी न्यायची.

"लोक घरी पगार आणतात, तू लोकांची धाप आणतेस," थोरली बहीण म्हणायची.

त्या धापेनेच तिचं नाव झालं. श्वासाच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडली की तो यंत्रावर गोल गोल फिरत राहतो. अशी बारा यंत्रं एकदम लावून तिने एक ध्वनिरचना केली. लोक आधी हसले, मग नावाजू लागले. नोकरी सुटली, प्रयोग वाढले. कुठला श्वास कुणाचा, याची नोंद तिने कधीच ठेवली नव्हती.

एका प्रयोगानंतर सभागृह रिकामं झालं, तरी एक आजी खुर्चीतून उठेनात.

"कोपऱ्यातलं ते यंत्र," त्या म्हणाल्या. "श्वास आत घेताना बारीक शीळ वाजते. ते आमचे हे आहेत."

आजींचे यजमान रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगायचे. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. रचनेचा सगळा डोलारा त्या शिळेवरच उभा होता.

"घोरायचे तेव्हा मी उशी फेकून मारायची. आणि तुम्ही त्याला तिकीट लावलंत!" आजी हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "मला द्या ते."

"नक्कल करून देते."

"नक्कल नको. हेच हवेत. आणि मागे काही ठेवू नका."

शनिवारी पुढचा प्रयोग होता. आजी पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेवढ्यात कातरबाईने शेजारच्या यंत्रावर कोरी फीत चढवली आणि तो श्वास सुरू केला. एक खटका दाबला की नक्कल तयार. त्यांना कुठे कळणार होतं?

बोट खटक्यावर असतानाच आजी दारात येऊन थांबल्या. त्यांनी काही पाहिलं नाही. त्या ऐकत होत्या.

"हा झोपेतला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "काही सांगायचं असलं की असा घ्यायचे. मग मी मान वर करायची." श्वास फिरतच होता. "इतकी वर्षं नुसती सुरुवातच करतायत हो. तुम्ही बोलूच दिलं नाहीत त्यांना."

कातरबाईने बोट मागे घेतलं. फीत उतरवून आजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली. घरी वाजवायला यंत्र आहे का, हा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेली अकरा यंत्रं लावून पाहिली. रचना ऐकूच येईना. अकरा माणसं तोंड उघडत होती, पुन्हा पुन्हा. तिने व्यवस्थापकाला फोन करून शनिवारचा प्रयोग रद्द केला. मग एकेक यंत्र बंद करत गेली. शेवटच्यापाशी हात अडला. तो श्वास बाईचा की पुरुषाचा, तेही तिला आठवत नव्हतं.

तिने खुर्ची ओढली, यंत्रासमोर बसली आणि म्हणाली, "बोला."