सुटलेल्या माणसाची नक्कल

तो निनावी अर्ज मला अजून जसाच्या तसा आठवतो. गुजरातीत चार ओळी होत्या: अमुक माणूस शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागतो आहे, त्याच्यावर मारामारीचा गुन्हा आहे, पोलिसांनी लक्ष घालावे. खाली सही नव्हती. गुन्ह्याचा नंबर मात्र बरोबर होता.

मी तेव्हा बडोद्यात, जुन्या शहरातल्या एका ठाण्यात नवीन सब-इन्स्पेक्टर होते. इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरी मराठी, बाहेर गुजराती, आणि तिन्ही भाषांत कमी बोलणारी. चारित्र्य पडताळणीचे अर्ज माझ्याकडे येत. त्यात बोलणे कमी आणि कॉम्प्युटर जास्त, असा सगळ्यांचा समज होता. माझाही.

पडताळणीचा अर्जदार, म्हणजे तो ड्रायव्हर, पन्नाशीचा, मराठी. वीस वर्षे त्याने खंडेराव मार्केटला भाजीचा टेंपो आणला. पोती चढवून खांदा कामातून गेला, म्हणून आता बस. शाळेला शनिवारपर्यंत आमचा अहवाल हवा होता, नाहीतर बस दुसऱ्याला मिळणार होती. मंगळवारी मी त्याला बोलावले. इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला.

"तुमच्यावर केस होती?"

"होती, मॅडम. सावली रोडवर, गाडी लावण्यावरून. पाच जणांची नावं टाकली होती."

"फॉर्ममध्ये लिहिलं नाहीत."

"त्यात विचारलंय, केस चालू आहे का. चालू नाही. मी सुटलो."

"निकालाची नक्कल?"

"नाही."

"कोणत्या कोर्टात होती?"

"बडोद्याच्या."

माझे प्रश्न संपले. जिथे गुन्हा दाखल झाला होता त्या ठाण्याकडून मी उतारा मागवला. दोषारोपपत्र गेल्याची नोंद होती, निकालाचा रकाना कोरा. मग कोर्टाच्या वेबसाइटवर पाहिले. तिथे जिल्हा, कोर्ट, गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष टाकले की कोणालाही खटल्याची स्थिती दिसते. बडोद्याच्या कोर्टात खटला सापडला. शेरा होता, दुसऱ्या कोर्टात वर्ग. कोणत्या, ते नव्हते. सुटल्याचा पुरावा कुठेच नाही, म्हणून मी अहवालात लिहिले, "प्रकरण प्रलंबित." माझ्या मते काम चोख झाले होते.

अहवाल पुढे पाठवण्याचे काम आमच्या हेड कॉन्स्टेबलचे. निवृत्तीला आलेले गुजराती गृहस्थ, मराठी शेजारात वाढलेले. बुधवारी सगळे बंदोबस्ताला गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"बेन, हा कागद मी अजून पाठवला नथी."

"का?"

"सुटलेला माणूस नक्कल काढत नाही, बेन. सजा झालेला काढतो. त्याला अपील करायची असते ने. सुटलेल्याला जज म्हणतात, जा. तो जातो. पाछो कोर्टाचं तोंड कशाला बघेल?"

त्यांनीच अर्जदाराला पुन्हा बोलावले, चहा मागवला आणि समोर स्टुलावर बसले. गुन्ह्याचे नावही काढले नाही.

"सुटलात त्या दिवशी घरी कसे आलात?"

"एसटीनं. स्टँडवर पाव किलो मेथीचे गोटे घेतले, गरमागरम भजी. बायको म्हणाली, एवढे तळलेले कशाला. मी म्हटलं, आज चालतं."

"कुठलं स्टँड?"

"सावलीचं. शेवटच्या दोन-तीन तारखा तिकडेच होत्या ना."

मी मान वर केली. "तुम्ही बडोद्याचं कोर्ट म्हणालात."

"तुम्ही केस कुठे होती ते विचारलंत. सहा वर्षं इथेच तर चकरा मारल्या, मॅडम."

वेबसाइटवर मी कोर्टाच्या जागी सावली तालुक्याचे कोर्ट निवडले आणि तोच गुन्हा नंबर टाकला. मिनिटभरात स्थिती आली: खटला निकाली, आरोपी निर्दोष. नंबर नवा होता. खटला एका कोर्टातून दुसऱ्यात गेला की नंबर बदलतो, हे मला माहीत नव्हते.

पण पडद्यावरचा शेरा म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. गुरुवारी अर्जदाराने सावलीला जाऊन नकलेसाठी तातडीचा अर्ज केला. शुक्रवारी दुपारी तो निकालपत्र घेऊन ठाण्यात आला. शेवटच्या पानावर स्वतःचे नाव आणि पुढे "निर्दोष" हा शब्द त्याने बोट ठेवून वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे इतकी वर्षं तिथेच पडून होतं होय?" तो म्हणाला.

शनिवारी दुरुस्त अहवाल शाळेत पोचला. सोमवारी तो बसवर होता.

निनावी अर्ज कोणाचा, ते मी शोधले नाही. त्यात खोटे काहीच नव्हते. गुन्हा दाखल झाला होता, एवढेच खरे त्यात लिहिले होते. माझ्या अहवालात त्याला "प्रलंबित" हा चुकीचा शब्द जोडला होता, आणि त्यावर शिक्का बसणार होता.

काही वर्षांनी मी खाते सोडले आणि वकिलीकडे वळले. आता कोणी जुन्या खटल्याची माहिती काढायला आले, तर वेबसाइट उघडण्याआधी मी विचारते, शेवटच्या तारखेला घरी कसे आलात?

हेड कॉन्स्टेबल तोवर निवृत्त झाले होते, तरी माझ्या निरोपाला आले. त्यांनी हातात एक पाकीट दिले. आत माझा तो पहिला अहवाल होता, "प्रलंबित" या शब्दासकट. त्या चुकीबद्दल त्यांनी ठाण्यात कोणालाही कधी सांगितले नव्हते.

"लो बेन, तुमची नक्कल," ते म्हणाले. "सुटलेला माणूस घेत नाही. तुम्ही सुटलात, तरी घ्या."

मी घेतली. ती आजही माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.