खरं सांगायला स्टॅम्प लागत नाही

“खरं सांगा, त्याला स्टॅम्प लागत नाही!” चष्मा कपाळावर सरकवून मॅडम हे वाक्य टाकायच्या आणि समोरचा पालक गडबडायचा. चाकणजवळच्या आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी त्यांची, शेजारची फीची माझी. म्हणजे मी लोकांना रडवायचो आणि त्या दटावून हसवायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे माणसाचं उत्पन्न दोन प्रकारचं असतं. एक तहसीलच्या दाखल्यावरचं, दुसरं लग्नाच्या बोलणीतलं. मॅडमचा दोन्हींवर विश्वास नसे. त्या पालकाच्या चपलांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “भरा फॉर्म.”

एकदा शेवटच्या तारखेला मोशीचे एक गृहस्थ आले. कंपनीत कंत्राटी कामगार, मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. शिष्यवृत्ती हुकली असती तर तिचं कॉलेज तिथंच सुटणार होतं. फॉर्म नीट भरलेला, फक्त उत्पन्नाचा रकाना कोरा.

“दाखला कुठाय?”

“घरी ऱ्हायला, मॅडम.”

दाखल्याचं टोक त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. मॅडमनी डोळे वटारले, तसे ते खिडकीत वाकून कुजबुजले, “मागं आमचं व्याही उभं हायेत. पोराचं लग्न ठरलंय. त्यास्नी पगार जरा फुगवून सांगितलाय.”

मॅडमनी खिडकीतून मान बाहेर काढली. “अहो मागचे पाहुणे, तुम्ही कशाला आलात?”

“धाकट्याचा फॉर्म भरायला,” व्याही म्हणाले.

“मग वरची पाटी वाचा की मोठ्यानं!”

“कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी...” वाचता वाचता व्याह्यांचा आवाज बारीक झाला. मोशीकर गर्रकन मागं वळले.

“म्हंजे तुमीबी?” मोशीकरांनी विचारलं.

“व्हय राव, आमीबी!” आणि व्याही जे हसत सुटले! दोघांचे दाखले एकदमच खिडकीत आले. मला मॅडमचा खरंच हेवा वाटला. माझ्या खिडकीपाशी असं मोकळं कुणी कधी हसलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दोघं एकाच स्कूटरवरून लग्नाची पत्रिका घेऊन आले. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्याचंही मॅडमना सांगायचं होतं. मॅडमना जाऊन तेव्हा महिना झाला होता. हृदयविकाराचं निमित्त, दोन दिवसांत सगळं आटोपलं. हे त्यांना मीच माझ्या खिडकीतून सांगितलं.

दोघांनी मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग मोशीकर हळूच म्हणाले, “मंग आता आमाला दटवायचं कुणी, सायेब?”